पाढा तोंडपाठ, तरी ‘सात आठी किती?’ला बोटं का लागतात

प्रश्न मालवण-वेंगुर्ल्याकडच्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा आहे. तिसरी-चौथी एकत्र बसतात, मुलं चौदा. रोज परिपाठानंतर दहापर्यंतचे पाढे एका सुरात होतात, कुठे अडत नाही. पण मध्येच ‘सात आठी किती?’ विचारलं की निम्मी मुलं ‘सात एके सात’पासून सुरू करतात, आणि ८ + ७ ला चौथीतली मुलंही बोटांवर जातात. पालकांचं म्हणणं, पाढे अजून जोरात घ्या. काय करावं?

बाई, आवाज वाढवून हे सुटणार नाही. पाढा म्हणणं आणि पाढ्यातलं एक उत्तर आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पाढ्यात प्रत्येक ओळ पुढच्या ओळीला ओढून आणते. आरतीचं तिसरं कडवं मधूनच म्हणा म्हटलं तर मोठी माणसंही मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात, तसंच हे. तुमच्या मुलांना छप्पन्न माहीत आहे; तिथे जायची वाट मात्र त्यांच्याकडे एकच आहे आणि ती सात एकेवरून जाते. थेट वाट पाडायची तर आधी त्या संख्यांचं एकमेकींशी नातं कळायला हवं. मग तेच उत्तर क्रम मोडून, दिवसांचं अंतर ठेवून, पुन्हा पुन्हा मनातून बाहेर काढायला हवं. नुसतं ऐकून किंवा वाचून ते पक्कं होत नाही, आठवायची धडपड केली की होतं.

पहिल्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका, फक्त तपासा. एकेका मुलाला बाजूला घ्या आणि बारा प्रश्न तोंडी विचारा, सहा बेरजेचे आणि सहा गुणाकाराचे, सगळे क्रम मोडून. एकाला तीन मिनिटं पुरतात, म्हणजे रोज चार मुलं घेतली तर चार दिवसांत वर्ग होतो. उत्तर बरोबर की चूक एवढंच लिहू नका, ते कसं आलं ते लिहा. तीन सेकंदांच्या आत आलं तर ‘आ’, म्हणजे आठवलं. एखाद्या युक्तीने काढलं तर ‘यु’. मोजून आलं तर ‘मो’. ओठ हलताहेत का, बोटं बाकाखाली मांडीवर दाबली जाताहेत का, याकडे लक्ष ठेवा. मोजणारी मुलं बोटं लपवतात, कारण कधीतरी कुणीतरी त्यावरून त्यांना ओरडलेलं असतं. म्हणून आधीच सांगून टाका की बोटं वापरली तरी चालतील.

चुकीची उत्तरं जशीच्या तशी टिपून ठेवा, निदान त्यांतच असतं. ८ + ७ ला १४ म्हणणारं मूल बहुतेक वेळा आठालाच पहिलं बोट लावून ‘आठ, नऊ, दहा…’ अशी सात बोटं मोजतं, म्हणून एक कमी येतो. ७ × ८ ला ४९ किंवा ६३ म्हणणारं पाढ्यात एक घर मागे किंवा पुढे गेलेलं आहे. ५४ म्हणणारं सहा नव्वेशी घोटाळ्यात पडलंय. आणि ६५ लिहिणाऱ्याला पाढा येतो, त्याला छप्पन्न लिहिता येत नाही. ही शेवटची चूक आपल्याकडे फार होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहितो मात्र दशक आधी. ‘चोवीस’ लिहिणाऱ्या मुलाची पेन्सिल जवळून बघा. ‘चो’ कानावर पडताच ती ४ काढते, मग ‘वीस’ पोचतं आणि २ उजवीकडे बसतो. झाले ४२. काही मुलं ४ काढताना डावीकडे जागा सोडतात आणि मागे जाऊन २ घालतात. उत्तर बरोबर दिसतं, पण सवय उलटीच राहते आणि तीन अंकी संख्या आली की फसते.

आता याचा पाढ्यांशी संबंध बघा. २ ते ९ च्या पाढ्यांत, एके आणि दाही सोडून, ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले तर, एकूण ३६ गुणाकार आहेत. त्यांची वेगवेगळी उत्तरं ३१. त्या ३१ मध्ये १२-२१, १८-८१, २४-४२, २७-७२, ३६-६३ आणि ४५-५४ अशा सहा उलट्या जोड्या आहेत. म्हणजे मुलाने ‘सहा चोक चोवीस’ मनात अगदी बरोबर म्हणून ४२ लिहिलं, तर ते उत्तरही पाढ्यातलंच दिसतं. आपण समजतो पाढा कच्चा आहे, आणि त्याला पुन्हा पाढाच घोकायला लावतो. महिनाभर घोकूनही चूक तशीच राहते, कारण दुखणं दुसरीकडेच आहे.

याच अडचणीपोटी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीने ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं होतं आणि त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी बोलण्या-लिहिण्यातला हा उलटा क्रम आणि नावांतली जोडाक्षरं, हीच कारणं दिली होती. माझं मत असं, की जुनी नावं सोडायची काही गरज नाही, बाजारात आणि घरात तीच चालतात. पण ‘वीस चार’ ही चढायची पायरी म्हणून फार उपयोगी आहे.

ती अशी वापरा. पाढ्यांच्या उत्तरांत वीसच्या वरच्या संख्या फक्त २० आहेत: २१, २४, २५, २७, २८, ३०, ३२, ३५, ३६, ४०, ४२, ४५, ४८, ४९, ५४, ५६, ६३, ६४, ७२, ८१. शंभरपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या मागे न लागता दोन आठवडे रोज पाच मिनिटं एवढ्याच वीस घ्या. तुम्ही ‘चोवीस’ म्हणायचं, मुलाने ‘वीस चार’ म्हणायचं, गणितमाळेवर (मणी मोजायच्या माळेवर) दोन दशक आणि चार मणी सरकवायचे, आणि मग लिहायचं. अट एकच, दशकाचा अंक आधी. ४९ साठी ‘पन्नासला एक कमी’ असं मोठ्याने म्हणवून घ्या, म्हणजे ‘एकोण’चा अर्थ लागतो. ३६ आणि ६३ साठी आपल्या भाषेतच सोय आहे: छत्तीसच्या आकड्यात ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत, त्रेसष्टमध्ये तोंडं समोरासमोर आहेत. मुलं हे एकदा फळ्यावर बघतात आणि विसरत नाहीत.

कानाची गफलत वेगळी. चौपन्न-छप्पन्न, त्रेसष्ट-चौसष्ट, बत्तीस-बेचाळीस ही नावं एकमेकांना लागून आहेत. पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस वाजत असेल तर मागच्या मुलाला नुसतं ‘…पन्न’ ऐकू येतं. अशा दिवशी तोंडी काही घेऊ नका, कार्डांवर आणि पाट्यांवर काम करा.

सेमी इंग्रजी वर्गात आणखी एक गाठ पडते. शाळेत ‘ट्वेंटी फोर’, म्हणजे दशक आधी, आणि घरी आजीकडे ‘चोवीस’. पाठ केलेलं उत्तर ज्या भाषेत पाठ केलं त्याच भाषेत लवकर आठवतं, म्हणून पाढ्यांना भाषा एकच ठरवा आणि पालकांना तसं सांगा. मला मराठी पाढे सरस वाटतात. ‘सात आठी छप्पन्न’मध्ये ‘गुणिले’ नाही, ‘बरोबर’ नाही, तीन शब्दांत काम होतं आणि ते तोंडात बसतं. वर्गात कन्नड घरभाषेचं मूल असेल तर त्याच्या भाषेतही दशक आधीच येतं (पंचवीस म्हणजे ‘इप्पत्तैदु’, वीस-पाच). त्याच्यासाठी ‘वीस पाच’ची पायरी जास्त दिवस ठेवा.

आता बेरीज. चौथीतल्या मुलांसाठी बेरजेकडे परत जायला संकोच वाटतो, पण ८ + ७ मोजून काढणारं मूल सात आठी विसरलं तर सात साती एकोणपन्नासमध्ये सात मिळवून ते परत मिळवू शकत नाही. त्यामुळे बेरीज आधी.

१ ते ९ मधल्या कुठल्याही दोन संख्यांच्या बेरजा, उलटसुलट एकच धरून, ४५ होतात. त्यांतल्या एक मिळवायच्या ९ आणि दोन मिळवायच्या ८ जवळजवळ सगळ्यांना येतात. उरल्या २८. त्यांत ३ + ३ पासून ९ + ९ पर्यंतच्या जुळ्या ७, आणि दहा करणाऱ्या ३ + ७ व ४ + ६. उरल्या १९. जुळ्यांच्या शेजारणी, म्हणजे ३ + ४, ४ + ५ अशा ८ + ९ पर्यंत ६. सहा-सहा बारा येत असतील तर सहा-सात तेरा दूर नाहीत. उरल्या १३. नऊमध्ये मिळवायच्या ५ आणि आठमध्ये मिळवायच्या ४ या दहा पूर्ण करून होतात. शेवटी राहतात ३ + ५, ३ + ६, ४ + ७ आणि ५ + ७, फक्त चार. ४५ चौकोनांचा तक्ता करा, मुलाच्या वहीत चिकटवा आणि तपासणीत ‘आ’ मिळालेले चौकोन रंगवा. डोंगर केवढा उरलाय हे मुलाला दिसलं की त्याचा अर्धा धसका जातो.

दहा पूर्ण करण्यासाठी साधन महागडं नको. तीस अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे सहा रांगांचा असतो, प्रत्येक रांगेत पाच खड्डे. दोन-दोन रांगा कापल्या की दहा-दहा खड्ड्यांचे तीन ट्रे मिळतात. त्यांत टाकायला चिंचोके घ्या. काजूच्या बिया आपल्याकडे मुबलक, पण कच्च्या बीच्या कवचातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून त्या मुलांच्या हातात नकोत. पुठ्ठ्याचा ट्रे पावसाळ्यात ओलावा धरतो आणि त्याला बुरशी येते. जूनसाठी प्लास्टिकचा शोधा किंवा फरशीवर ऑइलपेंटने पाच-पाचच्या दोन रांगा आखून घ्या.

मुलीसमोर दोन ट्रे आहेत. पहिल्यात आठ चिंचोके, वरची रांग भरलेली, खालच्या रांगेत तीन. दुसऱ्यात सात. तिला मोजायला सांगू नका, विचारा, “पहिला भरायला किती लागतील?” तिला दोन रिकामे खड्डे दिसतात. ती दुसऱ्या ट्रेमधले खालच्या रांगेतले दोन उचलते आणि पहिल्यात ठेवते. पहिला भरला, दुसऱ्यात वरची रांग तेवढी उरली. दहा आणि पाच. इथे काही मुलं थबकतात, कारण ‘पंधरा’ या नावात दहा कुठेच ऐकू येत नाही. म्हणून अकरा ते एकोणीसची नावं ‘दहा पाच, पंधरा, दहा सहा, सोळा’ अशी आधी पक्की झालेली हवीत. ती नसतील तर ट्रेमध्ये सगळं बरोबर करूनही मूल शेवटी पुन्हा एकपासून मोजतं.

ट्रेचं काम चार-पाच दिवसच ठेवा. मग ट्रेवर रुमाल टाका आणि विचारा, “आत काय दिसतंय, सांग.” त्यानंतर ट्रे कपाटात. साधन वेळेवर काढून न घेणं ही आपली नेहमीची चूक आहे. मग मूल ट्रेशिवाय बसतच नाही. बोटांचंही तसंच. त्यांना बंदी नको, पण आठ दाखवताना एक-एक बोट उघडू न देता एक हात पूर्ण आणि तीन, असं एकदम दाखवायला लावा. त्याने मोजणं सुटतं.

वजाबाकी वेगळी पाठ करून घेऊ नका. कार्डावर त्रिकोण काढा, वरच्या टोकाला १५, खाली ८ आणि ७. कुठलंही एक टोक अंगठ्याने झाकायचं आणि विचारायचं. १५ − ८ म्हणजे आठाला पंधरा व्हायला किती हवेत, एवढं कळलं की पुरे. पुढे ७, ८, ५६ असा त्रिकोण भागाकारालाही हाच चालतो.

गुणाकारालाही डोंगर तसाच उतरवायचा. ३६ पैकी दोनचे ८ म्हणजे बेरजेतल्या जुळ्याच, ते आलेले असतात. पाचचे ७ घड्याळाच्या काट्यावरून आणि शेवटच्या ० किंवा ५ वरून लवकर बसतात. उरले २१. नऊचे ६: ९ × ७ म्हणजे दहा सत्ते सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. (नऊच्या पाढ्याची दहा बोटं दुमडायची युक्ती मुलांना आवडते, पण तिने आठवण तयार होत नाही आणि भागाकारात ती उपयोगी पडत नाही. मी ती शिकवू नका म्हणेन.) उरले १५. वर्ग ५, म्हणजे तीन त्रिक, चार चोक, सहा सक, सात साती, आठ आठी. त्यांना एक ठेका आहे, ते लवकर चढतात. उरले १०. चारचे ४ हे दुपटीची दुप्पट: ४ × ७ साठी चौदा, मग अठ्ठावीस. आता उरले सहाच: ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ६ × ७, ६ × ८ आणि ७ × ८. तीनचे म्हणजे दुप्पट आणि आणखी एकदा. सहाचे म्हणजे तीनच्या दुप्पट, सात त्रिक एकवीस तर सात सक बेचाळीस. आणि ७ × ८ साठी पाच-सहा, सात-आठ: ५६ = ७ × ८, अंक ओळीने येतात.

हे सगळं कागदावर दिसलं पाहिजे. चौकटीच्या वहीत ७ रांगा, प्रत्येकीत ८ चौकोन असा आयत काढून कापा. तो आडवा-उभा फिरवा, चौकोन तेवढेच राहतात. सात आठी आणि आठ साती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हे मुलांना इथे पटतं. सुरात म्हणताना त्या दोन वेगवेगळ्या पाढ्यांत येतात, त्यामुळे मुलं दुप्पट ओझं वाहत असतात. मग आठमधल्या पाचव्या चौकोनावर घडी घाला. एका बाजूला सात पाचे पस्तीस, दुसरीकडे सात त्रिक एकवीस. पस्तीस आणि वीस पंचावन्न, आणि एक छप्पन्न. उत्तर विसरलेल्या मुलाला आता ‘सात एके’पर्यंत मागे जावं लागत नाही, ‘सात पाचे’वर उभं राहता येतं.

गावातली उदाहरणं द्या, पण तपासून. हापूसची चार डझनाची पेटी म्हणजे ४८, पाचची ६०, सहाची ७२, हे बाराच्या पाढ्याला नेमकं बसतं. माडांच्या ओळीही चालतात. बांगड्यांचे वाटे मात्र बाजारात नेहमी सारखे नसतात, आणि कोळणीचं मूल ते तुम्हाला लगेच सांगेल. तेव्हा ‘प्रत्येक वाट्यात सात’ हे आधी ठरवून घ्या, नाहीतर गुणाकाराचा पायाच हलतो.

सुरातला पाढा बंद करायला मी सांगणार नाही. दिवेलागणीला ओटीवर परवचा म्हणण्याची आपली रीत चांगली आहे, तिच्यामुळे नावं जिभेवर बसतात. फक्त ती मोडून म्हणा. एक गट ‘सात आठी’ म्हणेल, दुसरा ‘छप्पन्न’. कधी सात पाचेपासून सुरू करा, कधी दाहीपासून उलटं या. टाळी वाजली की थांबायचं, आणि पुढची ओळ ज्याच्याकडे बघाल त्याने म्हणायची. समूहात तीन-चार मुलं पाढा चालवतात, बाकीची शेवटचं अक्षर ऐकून जीभ हलवतात. वर्ग बाहेरून तयार दिसतो. गट मोडले की कोण चालवतंय आणि कोण मागे लोंबतंय ते त्याच दिवशी कळतं.

खरं काम कार्डांनी होतं. जुन्या लग्नपत्रिका जाड असतात, त्यांची ५ × ७ सेंटिमीटरची कार्डं कापा. पुढे ७ × ८ आणि त्याखाली ८ × ७, मागे ५६. स्केचपेनची शाई दमट हवेत फुटते, म्हणून परमनंट मार्कर घ्या, आणि कार्डं झाकणाच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवा. डब्यात तीन कप्पे. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली एक दिवसाआड, तिसऱ्यातली शुक्रवारी. तीन सेकंदांत बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कप्प्यांची पद्धत ती हीच, इथे पाचाऐवजी तीन कप्पे केले आहेत, कारण लहान मुलांना तेवढेच सांभाळता येतात.

एका वेळी हातात दहा कार्डं, त्यांत नवीन दोनच, बाकीची येणारी. आठवड्याला नवीन दोन, यापेक्षा जास्त नाही. दोनचे आणि पाचचे येत असतील तर उरलेले २१ अकरा आठवड्यांत होतात. एकाच आठवड्यात ६ × ९ आणि ७ × ८ देऊ नका. ५४ आणि ५६ एकमेकांत मिसळतात आणि एकदा मिसळले की वेगळे करायला महिना जातो. तसंच ६ × ८ आणि ७ × ७, म्हणजे ४८ आणि ४९, लांब ठेवा.

नवीन कार्ड असं बसवा. आयत बघून उत्तर काढलं, मोठ्याने एकदा म्हटलं. मग लगेच विचारा. मग एक जुनं कार्ड मध्ये घालून विचारा, मग तीन, मग सहा. तीन सेकंदांत आलं नाही तर थांबून राहू नका, उत्तर तुम्हीच सांगा, मुलाने पूर्ण ओळ म्हणायची आणि दोन कार्डांनंतर पुन्हा विचारायचं. ‘आठव, आठव’ म्हणत वाट पाहिली तर मूल मोजायला लागतं किंवा अंदाजाने काहीतरी ठोकतं, आणि तो चुकीचा अंदाजच पुढच्या वेळी आधी आठवतो. हा तीन सेकंदांचा नियम फक्त कार्डांच्या वेळेचा. आयत, ट्रे, युक्ती यांच्या वेळेला मुलाला हवा तेवढा वेळ द्या. दोन्ही एकत्र केले की मुलं विचार करायलाच घाबरतात.

रोज बारा मिनिटं पुरे: दोन मिनिटं मोडलेला परवचा, तीन मिनिटं एखादं नातं साधनावर, पाच मिनिटं जोडीने कार्डं, शेवटी दोन मिनिटं पाट्या. कार्डामागे उत्तर असल्यामुळे तिसरीचं मूल चौथीच्या मुलालाही विचारू शकतं, तुम्ही तेवढ्या वेळात दुसऱ्या जोडीकडे जाता. पाट्यांच्या वेळी सगळ्यांनी लिहायचं, “वर” म्हटलं की एकदम उचलायच्या. हात वर करून उत्तर घेतलं तर तीच तीन मुलं रोज सराव करतात.

घड्याळ लावून परीक्षा घ्यायची घाई नको. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत वेग मोजू नका. मोजाल तेव्हा आधी मुलाला एक मिनिट नुसते समोरचे अंक उतरवून काढायला द्या. ज्याचा हात मिनिटाला वीस अंकच लिहितो त्याच्याकडून तीस उत्तरांची अपेक्षा चुकीची, तो पाढ्यात हळू नाही, लिहिण्यात हळू आहे. निकाल फळ्यावर लावू नका. प्रत्येकाची तुलना त्याच्या मागच्या शुक्रवारशीच.

कोकणात सुट्ट्यांचा हिशेब धरूनच आखणी लागते. जूनच्या मध्यावर शाळा, मग अतिवृष्टीच्या सुट्ट्या, गणपती, दिवाळी, शिमगा. १८८५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, पण विसरलेलं पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणून गणपतीनंतर पहिल्या दिवशी परीक्षा घेऊन ‘सगळं विसरलात’ म्हणू नका. तिसऱ्या कप्प्यातली सगळी कार्डं दुसऱ्यात आणा आणि एक आठवडा नवीन काही देऊ नका. सुट्टीत घरी पाठवायची तर सहा कार्डं पाठवा, वही भरून पाढे लिहायला नको. दहा वेळा पाढा उतरवणारं मूल पहिल्या दोन वेळांनंतर वरून खाली एकाच स्तंभात अंक भरत जातं, ७, ७, ७, मग ×, ×, ×. त्यात आठवणं कुठेच नसतं.

पालक ‘तीसपर्यंत पाढे हवेत’ म्हणतील. त्यांना सांगा, दहापर्यंत क्रम मोडून येऊ देत, मग बारा, पंधरा आणि पंचवीस. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीनचे पाढे) हे सगळं पूर्वी पाठ असायचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते आणि दुकानात त्याची गरज रोज पडायची. त्यातली पावकी, निमकी, पाऊणकी आजही अपूर्णांकांना सुरेख उपयोगी आहे, पाचवीत जरूर घ्या.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं पायाभूत वाचन-गणिताचं लक्ष्य तिसरीअखेरचं आहे, तेव्हा वेळ कमी पडला तर तिसरीच्या मुलांच्या बेरजा आधी संपवा, चौथीला कार्डं जोडीने चालू राहतील.

चौदापैकी एखादं मूल तीन महिने नियमित करूनही पहिल्या कप्प्यातच अडकलेलं दिसेल. आधी त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या, छप्पन्न-चौपन्नचा गोंधळ कधीकधी कानातला असतो. ते ठीक असेल तर विशेष शिक्षकांकडे पाठवा. गणितातली अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली येते. तोवर त्याची कार्डं दहाऐवजी पाच करा, नवीन आठवड्याला एकच, आणि शाब्दिक उदाहरणं सोडवताना दहा बाय दहाचा पाढ्यांचा तक्ता त्याच्या बाकावर चिकटवा. तक्ता बघून तो भागाकार शिकू शकतो. पाढे येईपर्यंत भागाकार थांबवला तर पाचवीत जाताना त्याच्याकडे दोन्ही नसतील.